दोनशेच्या पुढचा आकडा

दहावीचा निकाल लागला की डोंबिवलीच्या फडके रोडपासून कल्याणच्या शिवाजी चौकापर्यंत क्लासवाल्यांचे फलक चढतात. फोटो, नाव आणि टक्के. या पट्ट्यातली कितीतरी मध्यमवर्गीय घरे टक्क्यांच्या शिडीनेच वर आली आहेत आणि त्यात कमीपणा काही नाही. त्याच इमारतींत, त्याच जिन्यावर, काही दारांआड मात्र वेगळ्या टक्क्यांचा कागद कपाटात जपून ठेवलेला असतो. तो कागद म्हणजे सरकारी रुग्णालयाच्या मंडळाने दिलेले दिव्यांग प्रमाणपत्र. सौम्य बौद्धिक अक्षमतेला ५०, मध्यमला ७५, तीव्रला ९०. अलीकडे त्या कागदाशेजारी आणखी एक कागद येऊन बसू लागला आहे, जनुक-चाचणीचा. त्यावर लिहिलेले असते : सी-जी-जी आवर्तने २०० हून अधिक, फ्रॅजाइल एक्स. तो हातात पडल्यावर आईवडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. म्हणजे हा शिकणार की नाही?

या प्रश्नाला दोन तयार उत्तरे मिळतात. एक म्हणते, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. दुसरे म्हणते, जनुकबिनुक सोडा, मेहनत घ्या, सगळे होते. दोन्ही उत्तरे ठामपणे दिली जातात आणि दोन्ही अर्धी आहेत. चाचणी आता आवाक्यात आली आहे. घरी येऊन रक्ताचा नमुना नेणारा माणूस मोबाइलवरून बोलावता येतो. त्या अहवालाचा अर्थ मराठीत समजावून सांगणारा माणूस मात्र तसा बोलावता येत नाही. म्हणून ही दोन अर्धी उत्तरे एकदा तागडीत घालून पाहिली पाहिजेत.

आधी आजाराची ओळख. १९४३ मध्ये लंडनच्या मार्टिन आणि बेल या दोन संशोधकांनी एका घराण्याची वंशावळ मांडली. त्यात बुद्धीने मागे राहिलेले मुलगे होते आणि त्यांना जन्म देणाऱ्या आया धडधाकट होत्या. १९६९ मध्ये हर्बर्ट लब्ज यांना अशा रुग्णांच्या एक्स गुणसूत्राचे टोक सूक्ष्मदर्शकाखाली तुटायला आल्यासारखे दिसले. ‘फ्रॅजाइल’ हे विशेषण त्या टोकाचे आहे, मुलाचे नव्हे. १९९१ मध्ये जनुक सापडले. एफएमआर-१ असे त्याचे नाव. त्याच्या सुरुवातीला सी, जी, जी ही तीन रासायनिक अक्षरे ओळीने पुन्हा पुन्हा येतात. बहुतेक माणसांत ही आवर्तने ४४ च्या आत असतात. ५५ ते २०० असतील तर ती व्यक्ती वाहक, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत ‘प्रीम्युटेशन’. दोनशेच्या पुढे गेली की बहुधा जनुकाला कुलूप बसते आणि एफएमआरपी नावाचे प्रथिन बनणे थांबते. मेंदूतल्या पेशी जिथे एकमेकींना जोडल्या जातात, तिथे इतर प्रथिने केव्हा आणि किती बनावीत याचा लगाम या प्रथिनाच्या हाती असतो. लगाम सुटला की जोड कच्चे राहतात. शिकणे म्हणजे हे जोड पक्के होणे, त्यामुळे फटका थेट शिकण्यालाच बसतो.

साधारण चार ते सात हजार मुलग्यांमागे एकाला हा आजार असतो, मुलींत त्याहून कमी. पिढीकडून पिढीकडे येणाऱ्या बौद्धिक अक्षमतेचे जगातले हे सर्वांत मोठे एकेरी कारण मानले जाते. डाउन सिंड्रोम याहून अधिक आढळतो, पण तो बहुतेक वेळा वारशाने आलेला नसतो. ऑटिझमचे निदान झालेल्या शंभर मुलांत दोन-तीन मुले मुळात फ्रॅजाइल एक्सची निघतात.

आता जनुकाचे पारडे. ते जड आहे, हे आधीच मान्य केलेले बरे. ज्या मुलग्यात जनुकाला पूर्ण कुलूप आहे, त्याचा बुद्ध्यांक मोठेपणी बहुधा चाळीस-पन्नासच्या आसपास राहतो. शाळा कितीही चांगली असली आणि आई कितीही दमाची असली, तरी तो वर्गाच्या बरोबरीने चालत नाही. हे सत्य कडू आहे, पण त्याचा एक उपकारही आहे. मूल उशिरा बोलते म्हटल्यावर आईला काय काय ऐकावे लागते ते आठवून पाहा. मोबाइल दाखवलास, नोकरीवर गेलीस, पोटात असताना ग्रहण पाळले नाहीस. एका रक्ताच्या नमुन्याने हे सगळे आरोप पुसले जातात. १९५० च्या दशकात अमेरिकेत ऑटिझमचा ठपका ‘थंड मनाच्या आयां’वर ठेवणारे विद्वान होते. जनुकशास्त्राने त्या आयांना निर्दोष सोडले, हे या शास्त्राचे ऋण विसरता येत नाही.

आरोप जातात तसा एक नवा येतोही : आईकडून आले. मुलाला एक्स गुणसूत्र आईकडूनच मिळते, म्हणून हे विधान खरे आहे. पण आईला ते कोणाकडून मिळाले? पुष्कळदा तिच्या वडिलांकडून. वाहक पुरुष स्वतः हुशार आणि कर्तबगार असतो, सरकारी नोकरीतून सन्मानाने निवृत्त होतो, आणि आपल्या प्रत्येक मुलीला हे लांबलेले जनुक देऊन जातो. त्याच्याकडून मुलीकडे जाताना ते वाढून दोनशेपार जात नाही. मुलीकडून नातवाकडे जाताना जाऊ शकते. ‘माहेरचे रक्त’ असे सासरी कुजबुजले जाते तेव्हा त्यात कोणाचा दोष नसतो, असतो तो तीन अक्षरांच्या नकलेतला घोटाळा.

दुसऱ्या पारड्यात पहिले वजन टाकते ते जनुकशास्त्रच. दोनशेच्या पुढचा आकडा सगळ्या मुलांत सारखा बोलत नाही. काही मुलग्यांच्या काही पेशींत आवर्तने दोनशेच्या आत असतात आणि काहींत बाहेर. काहींत आवर्तने लांब असूनही कुलूप अर्धवट बसलेले असते. अशा ‘मोझॅक’ मुलांत थोडे का होईना प्रथिन बनते, आणि प्रथिन जितके अधिक तितका बुद्ध्यांक वर, असा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. यातल्या काहींची बुद्धी सामान्य पातळीच्या जवळही पोचते. मुलींत दोन एक्स असतात आणि प्रत्येक पेशी त्यांतला एक बंद ठेवते. कोणत्या पेशीत कोणता बंद झाला, हा निसर्गाचा जुगार. म्हणून पूर्ण म्युटेशन, म्हणजे दोनशेपार आवर्तने, असलेल्या निम्म्याहून अधिक मुली अभ्यासात मागे पडतात. उरलेल्या शिकतात, नोकरी करतात, फार तर गणिताला आणि चारचौघांत बोलायला घाबरतात. शिवाय चाचणी रक्ताची होते आणि प्रश्न मेंदूचा असतो. दोन्हीकडे पेशींचे प्रमाण एकच असेल असे नाही.

आणखी एक गोष्ट अहवालात कधीच नसते. एफएमआर-१ सोडून बाकीची हजारो जनुकेही मुलाने आईवडिलांकडूनच घेतलेली असतात. फ्रॅजाइल एक्स असलेल्या मुलांचे, विशेषतः मुलींचे, बुद्धिगुणांक त्यांच्या आईवडिलांच्या बुद्धीशी काही प्रमाणात जुळतात असे आढळले आहे. म्हणजे एक जनुक छत खाली आणते, पण छताखालची खोली कशी असेल हे घराण्याचा बाकीचा वारसाही ठरवतो. गुणसूत्र या शब्दात ‘गुण’ आहे. गुणपत्रिका त्यात शोधू नये.

जो बुद्ध्यांक जनुकाशी ताडून पाहायचा, तो तरी किती भरवशाचा? आपल्याकडे आजही वापरात असलेली ‘बिने-कामत’ चाचणी डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली. भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरचे त्यांचे पुस्तक १९४० चे. त्या काळात ते थोर काम होते. दुसरी प्रचलित चाचणी आणि सामाजिक परिपक्वतेच्या व्हाइनलँड मोजपट्टीचे भारतीय रूप या दोन्हींमागे नागपूरचे मालिन आहेत. ठाण्यातल्या किंवा कल्याणमधल्या मुलाचे टक्के असे जुन्या पिढीच्या मुलांवर घासलेल्या वजनांनी तोलले जातात. फ्रॅजाइल एक्सच्या पुष्कळ मुलग्यांत तर काटा तळालाच टेकतो. चाचणी ज्या आकड्याच्या खाली मोजूच शकत नाही, त्या आकड्यावर दोन अगदी वेगळी मुले एकत्र बसवली जातात. एक स्वतः जेवतो, कपडे घालतो, दुकानातून दूध आणतो. दुसऱ्याला यांतले काहीच जमत नाही. कागदावर दोघे सारखे.

पालकांना सर्वांत जास्त धक्का देणारी गोष्ट म्हणजे या मुलांचा बुद्ध्यांक वयाबरोबर उतरत जातो. पाचव्या वर्षी साठ असलेला बाराव्या वर्षी पंचेचाळीस येतो आणि घरात कोसळल्यासारखे वाटते. पण बहुतेक मुलांत हे विसरणे नसते. ठाण्याहून एकाच वेळी सुटलेल्या फास्ट आणि स्लो लोकल डोळ्यांसमोर आणा. स्लो गाडी कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर घेत येते. दोघींतले अंतर वाढत जाते आणि बुद्ध्यांक मोजतो ते हे अंतर. स्लो गाडीही कल्याणच्याच दिशेने चाललेली असते. मूल दरवर्षी नवे काही शिकत असते, फक्त बरोबरीची मुले झपाट्याने पुढे जातात.

ही मुले शिकतात तरी कशी, हे बारकाईने पाहणाऱ्यांना त्यांची एक ठेवण दिसते. डोळ्यांनी पाहिलेले लक्षात राहते, कानांनी ऐकलेल्या चार सूचना एकामागून एक लक्षात राहत नाहीत. नक्कल छान करतात, विनोद समजतो, शब्दसंग्रह अपेक्षेपेक्षा मोठा असतो. गणिताशी मात्र हाडवैर. असा मुलगा रेल्वेच्या नकाशावरची स्थानके बिनचूक सांगेल आणि दहाच्या नोटेतून सहा रुपये गेल्यावर किती उरले ते सांगू शकणार नाही. डोळ्याला डोळा देणे त्याला असह्य होते, याला पुष्कळ जण उद्धटपणा समजतात. सकाळच्या फलाटावरची गर्दी आणि गाडीचा भोंगा त्याच्या अंगावर धावून येतो. तो हात फडफडवतो, मनगट चावतो. ‘हट्टी आहे, लाडावलाय’ हे शेजारच्या बाकावरून ऐकू येतेच. ही ठेवण ठाऊक असलेली शिक्षिका तोंडी सूचना देण्याऐवजी चित्रांची पट्टी लावते, समोर न बसता बाजूला बसते, आणि तेच मूल काम करू लागते. इथे अहवालाचा खरा उपयोग दिसतो. किती शिकेल हे तो नीट सांगत नाही. कसे शिकवावे हे मात्र बऱ्यापैकी सांगतो.

मग घराचे आणि शाळेचे वजन किती? अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी फ्रॅजाइल एक्सची मुले आणि त्यांची हा आजार नसलेली भावंडे यांचा मोठा अभ्यास केला. जनुकाचा परिणाम धरूनही घरातल्या वातावरणाचा मुलांच्या बुद्धिगुणांकाशी संबंध दिसला, आणि मुलग्यांत तो विशेष जाणवला. हेच जनुक निकामी केलेल्या उंदरांना मोकळ्या, खेळण्यांनी भरलेल्या पिंजऱ्यात वाढवले तेव्हा त्यांचे वागणे आणि मेंदूतील पेशींचे जोड दोन्ही सुधारल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. औषधांची कहाणी उलटी आहे. पेशींच्या जोडांवरचा अतिरेक आवरणारी औषधे उंदरांत उत्तम ठरली. नोव्हार्टिस आणि रोश या कंपन्यांनी माणसांवर मोठ्या चाचण्या घेतल्या आणि २०१० च्या दशकात त्या अपयशी ठरल्या. आजाराच्या मुळावर घाव घालणारे सिद्ध औषध आज हाताशी नाही. ओळख लवकर पटणे, वाचा-उपचार, व्यवसायोपचार, वर्तन-उपचार आणि चिंता किंवा अतिचंचलपणावरची नेहमीची औषधे, एवढेच साधन आहे. ते लहान दिसते, पण तेच कामाला येते.

इथेही एक धोका आहे. घराला वजन दिले की अपयशाचा दोषही घरालाच देता येतो. ‘तुम्ही थेरपी मध्येच सोडली म्हणून’ हे वाक्य ‘ग्रहण पाळले नाहीस’ या वाक्याचेच सुशिक्षित रूप आहे. डोंबिवलीहून आठवड्यातून दोनदा थेरपीसाठी मुंबईत परळ गाठणारी आई मुलाला ऐन गर्दीतून नेते. थेरपीच्या पाऊण तासासाठी तिचा अख्खा दिवस जातो आणि बऱ्याचदा नोकरीही. तिच्या ‘घरच्या वातावरणा’ला गुण देण्याआधी उपचार घराजवळ का नाहीत, हा प्रश्न महापालिकांना विचारायला हवा. वातावरण म्हणजे एकट्या आईचा स्वभाव नव्हे. त्यात शाळा आली, रस्ता आला, रेल्वेचा डबा आला, दवाखाना आला.

मोजमापाच्या बाबतीत मराठी माणसाला एक वडीलधारे उदाहरण आहे. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या, तेव्हा त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांना कवटीच्या आकारातून वंशाची बौद्धिक श्रेष्ठता दाखवायची होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि असा संबंध सापडत नाही असे लिहून दिले. मोजणे त्यांनी नाकारले नाही. मोजमापाने जे सांगितले नाही ते त्याच्या तोंडी घालण्यास त्यांनी नकार दिला. फ्रॅजाइल एक्सच्या अहवालाशी वागताना हीच शिस्त हवी.

अहवाल जे निश्चित सांगतो, ते मुलाच्या बुद्धीपेक्षा त्याच्या नातलगांबद्दल अधिक असते. वाहक स्त्रीच्या प्रत्येक अपत्याला लांबलेले जनुक मिळण्याची शक्यता निम्मी. तिच्यातली आवर्तने साठच्या आत असतील तर ती पुढच्या पिढीत दोनशेपार जाण्याचा धोका थोडा, शंभराच्या वर असतील तर जवळजवळ निश्चित. वाहक स्त्रियांपैकी साधारण पाचांत एकीची पाळी चाळिशीच्या आत जाते किंवा अंडाशय लवकर थकतो. त्यामुळे मूल हवे असेल तर फार थांबू नये, हे तिला वेळेवर कळले पाहिजे. वाहक पुरुषांतल्या काहींना पन्नाशी-साठीनंतर हात कापणे आणि तोल जाणे सुरू होते, आणि त्यावर वर्षानुवर्षे पार्किन्सनचे उपचार चालतात. म्हणजे नातवाच्या अहवालातून आजोबांच्या थरथरत्या हाताचा आणि मावशीच्या वंध्यत्वाचा उलगडा होऊ शकतो.

आता मामाकडे पाहू. वाहक आईला हे जनुक तिच्या आईकडून आले असेल, तर तिच्या भावातही ते असण्याची शक्यता निम्मी. तो वाहक असेल तर स्वतः ठणठणीत, पण त्याच्या सगळ्या मुली वाहक. महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न ही रीतीची आणि आनंदाची गोष्ट आहे. आजारी मुलाचा धाकटा, निरोगी भाऊ मामाची मुलगी करतो आणि त्यांच्या घरी पुन्हा तोच आजार येतो, तेव्हा लोक म्हणतात, नात्यात केले म्हणून झाले. हे चूक आहे. नात्यात लग्न केल्याने फ्रॅजाइल एक्स होत नाही, आणि नात्याबाहेर केल्याने टळत नाही. ती मुलगी कुठल्याही घरी गेली तरी धोका तिच्यासोबत जाईल. तो तिला आधी माहीत असणे, एवढेच आपल्या हातात आहे.

चाचणीला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे इथूनच सुरू होते आणि ते ऐकण्यासारखे आहे. बरा करता न येणारा आजार शोधून काय साधणार? मुलीचे लग्न मोडेल, सुनेला घराबाहेर काढतील, बहिणी-बहिणींत वितुष्ट येईल. ज्या समाजात पत्रिकेतल्या मंगळावरून स्थळ नाकारले जाते, तिथे पत्रिकेत ‘वाहक’ हा नवा ग्रह दाखल होईल. ही भीती पोकळ नाही. पण कल्याणच्या शेजारीच याला एक उत्तर आहे. फाळणीनंतर उल्हासनगरात वसलेल्या सिंधी समाजात थॅलेसेमियाचे वाहक मोठ्या प्रमाणावर आढळतात. तिथे लग्नाआधी रक्त तपासण्याबद्दल वर्षानुवर्षे जागृती झाली आणि वाहक असणे ही लपवायची गोष्ट राहू नये, यासाठी समाजातल्याच माणसांनी खपून काम केले. लाज चाचणीमुळे येत नाही. एकटेपणी हाती आलेल्या चाचणीमुळे येते. दोन आजारांतला फरकही ध्यानात ठेवावा लागेल. थॅलेसेमियाला दोन्ही जोडीदार वाहक असावे लागतात आणि उत्तर हो किंवा नाही असे येते. फ्रॅजाइल एक्समध्ये एकटी स्त्री पुरते आणि उत्तर शक्यतांच्या भाषेत येते. म्हणून सरसकट सगळ्या स्त्रियांची तपासणी, जशी इस्रायलमध्ये देऊ केली जाते, आपल्याकडे आज सुरू करणे घाईचे ठरेल. समजावणारी माणसे आधी, नळ्या नंतर.

गर्भातल्या चाचणीचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. लिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य, १९८८ मध्ये. केंद्राचा १९९४ चा कायदा लिंगाशी जोडलेल्या आनुवंशिक आजारांसाठी गर्भाची चाचणी करू देतो, पण गर्भाचे लिंग सांगणे गुन्हा आहे आणि तो तसाच राहायला हवा. पेच असा की फ्रॅजाइल एक्समध्ये भाकीत मुलगा की मुलगी यावर बरेचसे अवलंबून असते. मुलगी असेल तर ती कदाचित अगदी सामान्य आयुष्य जगेल, आणि ते आज कोणी सांगू शकत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भपाताची मुदत काही स्त्रियांसाठी २४ आठवड्यांपर्यंत गेली आहे आणि गर्भातील गंभीर व्यंगासाठी वैद्यकीय मंडळाकडे त्यापुढेही जाता येते. एका बाजूला ज्या आईने एक मूल वाढवले आहे आणि दुसऱ्यासाठी बळ उरले नाही, तिचा निर्णय तिचाच. तिला नीतीचे धडे देणाऱ्याने आधी तिच्या घरी एक आठवडा राहावे. दुसऱ्या बाजूला १९९४ चे पुणे विसरता येत नाही. शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या बौद्धिक अक्षम मुलींची गर्भाशये ससून रुग्णालयात काढली गेली, आणि सोय कोणाची व शरीर कोणाचे, हा प्रश्न साऱ्या महाराष्ट्रापुढे उभा राहिला. आमचे मत असे : ज्या स्त्रीच्या घरात हा आजार आहे तिला चाचणी मागण्याचा पूर्ण हक्क असावा, तिच्यावर ती लादण्याचा हक्क कोणालाही नसावा, आणि निर्णयाआधी हा आजार असलेले एक तरी मोठे मूल व त्याचे पालक तिला भेटावेत. फ्रॅजाइल एक्स सोसायटी ही पालकांचीच संघटना मुंबईत शालिनी केडिया यांनी उभी केली; अशी भेट घडवायला हे सर्वांत जवळचे दार आहे.

मग आज करायचे काय? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला झाली, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होते. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना अंगणवाडीत आणि शाळेत जाऊन तपासायचे आणि गरज असलेल्यांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायचे, अशी ही योजना. तिच्या यादीत डाउन सिंड्रोम नावाने आहे, बोलण्यातला व बुद्धीतला विलंब आहे, ऑटिझम आहे. फ्रॅजाइल एक्सचे नाव नाही. म्हणून पहिले, ज्या मुलाच्या विलंबाचे कारण सापडत नाही, त्याच्यासाठी या केंद्रातून ही एक चाचणी मोफत व्हावी. तिचा खर्च काही हजारांतला आहे. उलट, अनेक पालक आधी कितीतरी महागडी, हजारो जनुके एकदम वाचणारी एक्झोम चाचणी करून येतात, ती ‘नॉर्मल’ येते आणि ते निश्चिंत होतात. लांबलेली आवर्तने त्या चाचणीत सहसा दिसतच नाहीत, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

दुसरे, आवर्तनांचा आकडा शाळेच्या प्रवेशअर्जावर कधीही येऊ नये. मूल काय करू शकते यावरच टक्के ठरावेत आणि ते ठरावीक काळाने पुन्हा तपासले जावेत. आजच्या निकषांत सीमारेषेवरच्या मुलाला २५ टक्के मिळतात, ४० ची अट तो गाठत नाही आणि एकही सवलत त्याच्या वाट्याला येत नाही. मोझॅक मुलगे आणि पुष्कळ मुली नेमक्या या फटीत पडतात.

तिसरे, पैसा आधी घराजवळच्या उपचारांवर. ठाणे महापालिकेने विशेष मुलांसाठी ‘जिद्द’ शाळा चालवून दाखवली आहे. कल्याण-डोंबिवलीत रुक्मिणीबाई आणि शास्त्रीनगर या महापालिकेच्या रुग्णालयांत रोज वाचा-उपचार आणि व्यवसायोपचार मिळाले, तर परळच्या किती फेऱ्या वाचतील याचा हिशेब कोणीही करू शकेल. आणि चौथे, मूल अठरा वर्षांचे झाल्यावरचे. बदलापूरला ‘आधार’ ही संस्था बौद्धिक अक्षम प्रौढांच्या पालकांनीच उभारली, कारण ‘आमच्यामागे कोण’ या प्रश्नाला दुसरे कोणी उत्तर देत नव्हते. तो प्रश्न अजून तसाच आहे, आणि जनुक-चाचणीने तो सुटत नाही.

तराजूचा काटा आमच्या मते इथे थांबतो : जनुक मर्यादा आखते, पण त्या मर्यादेच्या आत बरीच जागा असते, आणि ती जागा किती भरायची हे घर, शाळा आणि शहर मिळून ठरवतात. चाचणी करावी, कुटुंबाला सावध करण्यासाठी आणि शिकवण्याची रीत ठरवण्यासाठी करावी. मुलाच्या भविष्यावर शिक्का मारण्यासाठी करू नये.

यातल्या पुष्कळ गोष्टींना सरकारी मंजुरी, पदे आणि निधी लागेल. एका गोष्टीला काहीच लागत नाही. ठाण्यातल्या, कल्याणातल्या, डोंबिवलीतल्या प्रत्येक बालरोगतज्ज्ञाने उशिरा बोलणाऱ्या मुलाच्या आईला तीन प्रश्न विचारावेत. तुमच्या माहेरी, मामा-मावश्यांच्या मुलांत, कोणी असे होते का? तुमच्या वडिलांचे हात कापतात का? कोणा बहिणीची पाळी लवकर गेली का? या तीन प्रश्नांना दोन मिनिटे लागतात आणि पैसे लागत नाहीत.